जुना शिकारी चाकू खरा की बनावट, हे नेमकं ओळखतात कसं?

१९ सप्टेंबर १८२७. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या पात्रात, नॅचेझ गावाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर दोन माणसं पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभी राहिली. भांडण मिटवायची तिकडची तेव्हाची रीत तीच होती. दोघांनी दोन-दोन गोळ्या झाडल्या, चारही फुकट गेल्या, मग दोघांनी हात मिळवले आणि विषय मिटला.

पण बघायला आलेल्यांचा विषय मिटला नव्हता. दोन्ही बाजूंच्या समर्थकांत जुनी खुन्नस होती आणि तिथेच त्यांची जुंपली. या राड्यात जिम बोवी नावाच्या माणसाला गोळ्या लागल्या, वरून गुप्तीचे वारही झाले. तरीही त्याने अंगावर आलेल्या नॉरिस राईटला आपल्या मोठ्या चाकूने जागीच ठार केलं. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली, लोक लोहारांकडे जाऊन 'बोवीसारखा चाकू दे' म्हणू लागले आणि चाकूंच्या दुनियेत 'बोवी नाइफ' हा प्रकार कायमचा रुजला. (टेक्सासमध्ये उच्चार 'बूई' असा करतात, पण आपल्याकडे बोवीच चालतं.)

पुढे ६ मार्च १८३६ रोजी अलामोच्या लढाईत जिम बोवी मारला गेला. आणि त्याचा चाकू?

तो कुठे गेला, हे आजपर्यंत कुणीही पुराव्यानिशी सांगू शकलेलं नाही. पण 'हाच तो' म्हणून पुढे आलेल्या चाकूंची कमी नाही. जुने शिकारी चाकू गोळा करणाऱ्यांच्या दुनियेत बनावटगिरीची सगळी गंमत आणि सगळा धोका या एका गोष्टीत दिसतो. पाते तेच, पोलाद तेच, पण नाव जोडलं की किंमत आभाळाला भिडते. मग नाव जोडणारेही पैदा होतातच.

सिनेमातला चाकू आणि पत्रातला चाकू

बोवी नाइफ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लांबलचक पातं, टोकाशी आत वळलेला बाक, मुठीपाशी पितळेची आडवी पट्टी. हे चित्र बऱ्याच अंशी सिनेमाने दिलेलं आहे. १९५२ मध्ये अ‍ॅलन लॅडचा 'द आयर्न मिस्ट्रेस' हा सिनेमा आला, त्यात जिम बोवीचा चाकू असा भव्य दाखवला होता.

आता दुसरी बाजू बघा. जिमचा भाऊ रेझिन बोवी याने १८३८ मध्ये एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्यात त्याने सांगितलं की पहिला चाकू आपण बनवून घेतला होता, आणि तो शिकारीसाठी होता. माप पण दिलं: पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूला धार, आणि पात्याला बाक नाही. म्हणजे थोडक्यात, खाटकाच्या दुकानात शोभेल असा सरळसाधा सुरा.

त्यामुळे कुणी सिनेमातल्यासारखा देखणा चाकू पुढे करून 'वाळूच्या बेटावरचा हाच' म्हणायला लागला, तर पहिला प्रश्न रेझिनच्या पत्रातून येतो. चाकू हातात घ्यायच्याही आधी.

याउलट रेझिनने मित्रांना भेट म्हणून दिलेले काही चाकू आज टिकून आहेत. बॅटन रूजच्या सर्ल्स नावाच्या कारागिराने बनवलेला एक अलामोच्या संग्रहात आहे. त्यांची बनावट बघितली तर ती पत्रातल्या वर्णनाशी जुळते, कारागीर कोण ते कळतं, भेट कुणाला दिली ते कळतं. चाकूच्या मागे माणसांची साखळी उभी आहे. संग्राहकांच्या भाषेत याला प्रोव्हेनन्स म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा. कुणाकडून कुणाकडे फेरफार झाला, त्याचा उतारा.

हा उतारा कोरा असेल तर मोठी माणसंही अडचणीत येतात. गायक फिल कॉलिन्सला लहानपणापासून अलामोचं वेड. त्याने आयुष्यभर जमवलेला अलामोचा संग्रह २०१४ मध्ये टेक्सास राज्याला देऊन टाकला. २०२१ मध्ये 'फरगेट द अलामो' या पुस्तकाच्या लेखकांनी त्या संग्रहातल्या काही वस्तू खरंच त्या-त्या माणसांच्या होत्या का, असा सवाल केला. त्यात बोवीचा म्हणून सांगितला गेलेला चाकूही होता. इथे एक बारकावा आहे. असा चाकू जुना असू शकतो, त्याच काळातला असू शकतो. वाद असतो तो मालकाच्या नावाचा. आणि ते नाव पोलादाच्या तपासणीतून कधीच सिद्ध होत नाही. प्रयोगशाळा फार तर 'हे नाव अशक्य आहे' एवढं सांगू शकते. 'हेच नाव आहे' हे सांगायला कागदच लागतो.

तोही कागद तपासावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचं पत्र शंभर टक्के खरं असतं, पण त्यात 'आजोबांचा शिकारी चाकू' एवढंच लिहिलेलं असतं. आजोबांचा तो चाकू कधीच हरवलेला असू शकतो आणि पत्रासोबत बाजारात आलेला चाकू मागच्या महिन्यात घेतलेला असू शकतो. पत्रात माप, खूण, तुटलेला कोपरा, असं काहीतरी असेल तरच त्याचा उपयोग.

शेफील्डचे शिक्के आणि त्यांच्या तारखा

बोवी नाइफला मागणी वाढली तसा माल अमेरिकेपेक्षा इंग्लंडमधून जास्त यायला लागला. शेफील्ड शहर म्हणजे तेव्हाची पोलादाची पंढरी. तिथल्या जॉर्ज वोस्टनहोमचा 'आय एक्स एल' हा शिक्का (वाचायचा 'आय एक्सेल', म्हणजे 'मी सरस') आणि जोसेफ रॉजर्सचा तारा आणि क्रॉसचा शिक्का जगभर चालायचा.

या शिक्क्यांचा फायदा असा की त्यांच्या तारखा ठाऊक आहेत. वोस्टनहोमचा कारखाना 'वॉशिंग्टन वर्क्स' या नावाने १८४८ पासून ओळखला जाऊ लागला. मग पात्यावर 'वॉशिंग्टन वर्क्स' लिहिलेलं आहे आणि विकणारा सांगतोय की हा चाकू १८३६ ला अलामोत होता, तर पुढे ऐकायची गरजच नाही. तसंच राजमुकुटाच्या दोन्ही बाजूंच्या अक्षरांचं. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, ती गादीवर आली १८३७ मध्ये. त्याआधीचा चाकू आणि त्यावर व्ही आर, हे होऊ शकत नाही.

सगळ्यात कामाची तारीख १८९१. अमेरिकेने १८९० मध्ये मॅककिन्ली टॅरिफ नावाचा कायदा केला. परदेशातून येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशात बनला ते लिहिणं त्याने सक्तीचं केलं आणि १८९१ पासून ते लागू झालं. म्हणून नुसतं 'शेफील्ड' लिहिलेलं असेल तर चाकू त्याआधीचा असण्याची शक्यता, आणि 'शेफील्ड, इंग्लंड' असेल तर बहुतेक वेळा नंतरचा. पण हा नियम उलटा लावता येत नाही. इंग्लंडमध्येच विकायच्या मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती नव्हती, त्यामुळे 'इंग्लंड' नाही म्हणून चाकू जुनाच, असं म्हणणारा एक तर कच्चा असतो किंवा पक्का असतो.

आणि बनावटगिरी ही आजची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात शेफील्डवाल्यांचीच तक्रार होती की जर्मनीतला स्वस्त माल शेफील्डचं नाव लावून विकला जातो. ब्रिटनने १८८७ मध्ये मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट आणला त्यामागे हे मोठं कारण होतं. म्हणजे आज एखादा चाकू खरोखर १४० वर्षांचा असेल आणि तरीही तो डुप्लिकेट असेल.

ठसा गंजाच्या आधीचा की नंतरचा?

अट्टल बनावट करणारा अख्खा चाकू बनवत बसत नाही. त्यात मेहनत फार. तो खराखुरा जुना पण बिननावाचा, स्वस्तातला चाकू घेतो आणि त्यावर नाव टाकतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याचे चाकू हे याचं ठळक उदाहरण. त्यातले कितीतरी गावच्या लोहारांनी बनवले, त्यावर कसलीही खूण नव्हती. पण 'सी एस ए' ही तीन अक्षरं असली की किंमत वाढते, म्हणून ती नंतर ठोकली जातात. जाणकार संग्राहक ही अक्षरं दिसली की खूश होण्याऐवजी भिंग काढतात.

भिंगातून काय बघतात? तर ठसा आणि गंज यांचं नातं.

जुन्या पद्धतीत पातं मऊ असतानाच त्यावर ठसा ठोकायचे, त्यानंतर ते तापवून, विझवून पाणी द्यायचे आणि मग घासायचे. ठोकताना ठशाच्या कडेला धातू थोडा वर येतो, तो घासण्यात सपाट होतो. पुढची शंभर वर्षं गंज लागतो तो सगळीकडे, ठशाच्या खोबणीतही. म्हणजे खऱ्या ठशाच्या तळाशी तेच काळपट करडं, खडबडीत जुनेपण दिसायला हवं. पात्यावर गंजाचे खड्डे आहेत आणि अक्षराची रेघ त्या खड्ड्यांना कापत स्वच्छ गेली आहे, याचा अर्थ अक्षर गंजानंतर आलं.

दुसरी खूण म्हणजे अक्षरांची खोली. पाणी दिलेल्या टणक पोलादावर ठसा नीट उमटत नाही, उथळ आणि अर्धवट बसतो. लेझरने कोरलेलं अक्षर फार एकसारखं आणि कडेला धातू न उचललेलं असतं. आणि तिसरी खूण अगदी साध्या तर्काची. ठसा झिजून पुसट झालाय, पण शेजारच्या कडा मात्र कालच्यासारख्या धारदार, असं असेल तर झीज 'बनवलेली' आहे.

गंजाचंही तेच. काळाने आलेला गंज एकसारखा नसतो. मुठीजवळ, म्यानाच्या तोंडाशी, जिथे हात लागायचा तिथे वेगवेगळा असतो. आम्लात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून आणलेला गंज सगळीकडे सारखा आणि नारिंगी दिसतो, बोटाला पण लागतो.

पितळेच्या गार्डवर कातडी म्यानाला टेकणाऱ्या जागी हिरवट थर येतो. घरात पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, तसाच हा प्रकार. इथे कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यातली चरबी ते काम करतात. हा हिरवा थर म्यानाच्या कडेशी जुळला तर चाकू आणि म्यान बराच काळ एकत्र होते असं मानायला आधार मिळतो. इथेच रीलवाल्यांचा घोळ होतो. गंजलेला चाकू घ्यायचा, पितांबरी किंवा पॉलिश मशीन लावायची आणि आरशासारखा चमकवायचा. बघायला भारी वाटतं, लाखो व्ह्यूज मिळतात. पण तो चाकू खरा असेल तर त्याचा पुरावा त्या व्हिडिओतच धुतला जातो.

वस्तू कधी जन्माला आली?

नकली चाकू पकडायची सगळ्यात निर्दय पद्धत म्हणजे साहित्याचं वय काढणं. स्टेनलेस स्टील १९१३ मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रेअरलीने आणलं. त्यामुळे '१८८० चा' चाकू लिंबू कापूनही डागाळत नसेल तर गडबड आहे. मुठीचं मटेरियल बेकलाइट निघालं तर चाकू, निदान त्याची मूठ, १९०७ नंतरची. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू दिसला तर १९३० च्या दशकानंतरची. इपॉक्सी गोंद तर त्याहूनही नंतरचा, आणि तो अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा चमकतो. म्हणून संग्राहकांच्या खिशात भिंगासोबत नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च असतो.

लाकूड, हस्तिदंत, कातडं ही मटेरियल्स वर्षानुवर्षं आक्रसतात, धातू आक्रसत नाही. म्हणून खऱ्या जुन्या मुठीवरून बोट फिरवलं तर रिव्हेट किंचित वर आलेलं लागतं. सगळं कसं गुळगुळीत, एका पातळीत असेल तर मूठ नंतर बसवली असण्याची शक्यता.

मुठीवरून एक भारताचा धागा निघतो. शिकारी चाकूच्या मुठीसाठी जगात सगळ्यात जास्त मान सांबराच्या शिंगाला. ते घट्ट असतं, आतला भुसभुशीत गाभा कमी, बाहेरून खडबडीत पकड. शेफील्ड असो की अमेरिका, हा माल भारतातून जायचा. आता आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार बंद आहे, जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंग का असेना. पुरवठा आटल्यावर रंगवलेलं हाड आणि प्लास्टिकची नक्कल बाजारात आली. अस्सल शिंगाच्या कापलेल्या टोकाला मधे सच्छिद्र गाभा दिसतो आणि दोन बाजूंची नक्षी कधीच सारखी नसते. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या दोन्ही बाजू जुळ्या बहिणींसारख्या असतात.

दमास्कसचंही सांगायला हवं, कारण सोशल मीडियावर सगळ्यात जास्त तेच विकलं जातं. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. अमेरिकेत बिल मोरान या कारागिराने ही थरांची घडाई १९७३ मध्ये नाइफमेकर्स गिल्डच्या प्रदर्शनात मांडली आणि तिथून तिचं पुनरुज्जीवन झालं. मग '१९४५ चा अमेरिकन दमास्कस हंटिंग नाइफ' दिसला तर भुवई उंचावायलाच हवी. नक्षी खरी आहे का ते बघायला पात्याची पाठ बघायची. खरे थर पाठीवरून पलीकडच्या बाजूला उतरतात. छापलेली किंवा वरवर कोरलेली नक्षी कडेला येऊन थांबते. आणि नक्षी खरी असली तरी चाकू जुना असतोच असं नाही; पाकिस्तानातल्या वजीराबादेत असे चाकू आजही ढिगाने बनतात. विकत घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त 'मुघल काळातला' म्हणून घेऊ नये.

नाव खरं, चाकूही खरा, तरीही फसवणूक

विसाव्या शतकातल्या चाकूंमध्ये फसवणूक जास्त हुशारीची आहे. मिशिगनमधल्या मार्बल कंपनीचा 'वुडक्राफ्ट' हा शिकाऱ्यांचा आवडता चाकू. त्यावर 'पॅटंट १९१६' असं असतं. विकणारे सरळ '१९१६ चा चाकू' म्हणून टाकतात. पण ती पेटंटची तारीख आहे, उत्पादनाची नाही, तो ठसा असलेले चाकू पुढे बरीच वर्षं बनत होते. याच कंपनीचं नाव १९११ पर्यंत 'मार्बल सेफ्टी अ‍ॅक्स कंपनी' होतं, त्यामुळे त्या नावाची आद्याक्षरं असलेला ठसा खरंच जुन्या काळाकडे बोट दाखवतो. दोन ठसे, दोन वेगळे अर्थ.

ऑरलँडोच्या बो रँडलने १९३७ च्या सुमारास बिल स्केगल या कारागिराचा चाकू बघून स्वतः चाकू बनवायला सुरुवात केली. रँडलचे चाकू ओळखताना लोक म्यानावरही तेवढंच लक्ष देतात. सुरुवातीची म्यानं डेन्व्हरच्या हायझरची, नंतर जॉन्सनची. त्यामुळे नंतरच्या चाकूला जुनं हायझर म्यान लावलं की त्याचं वय कागदावर आपोआप वाढतं. दोन्ही वस्तू अस्सल, जोडी मात्र खोटी.

आणि मग बॉब लव्हलेस. १९५४ मध्ये त्याला रँडलचा चाकू हवा होता, तो न्यूयॉर्कच्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच मध्ये गेला. (हो, तोच आजचा टीशर्टवाला ब्रँड. तेव्हा ते शिकारीचं सामान विकायचे.) तिथे कळलं की कित्येक महिने थांबावं लागेल. त्याने स्वतःच चाकू बनवला, आणि पुढे त्याच दुकानाने त्याचे चाकू विकले. शिकारी चाकूचं टोक खाली उतरवणारा 'ड्रॉप पॉइंट' आकार त्याच्यामुळे जगभर पोहोचला. २०१० मध्ये तो गेला आणि आता त्याच्या हातचा चाकू मोठ्या किमतीला जातो.

लव्हलेसची अडचण अशी की त्याच्या शैलीत चाकू बनवणारे कसबी कारागीर भरपूर आहेत, विशेषतः जपानमध्ये. ते आपल्या नावाने विकतात, त्यात काही गैर नाही. पण असा चाकू घेऊन त्यावरचं नाव घासून काढलं आणि लव्हलेसचं नाव आम्लाने कोरलं, तर ओळखणं जड जातं. आम्लाने कोरलेलं नाव फोटोवरून उतरवता येतं, ठोकलेल्या ठशापेक्षा सोपं. मग पुन्हा तारखा कामाला येतात. त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या चाकूंवर 'डेलावेअर मेड' असं असे, शेवटच्या काळातल्यांवर 'रिव्हरसाइड'. आणि १५४ सीएम हे पोलाद त्याने चाकूंसाठी वापरायला घेतलं ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यात साधारण १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के मॉलिब्डेनम असतं. एक्स-रे बंदुकीसारखं यंत्र, जे आपल्याकडे सराफ सोनं तपासायला वापरतात तसलंच, पात्यावर धरलं की काही सेकंदांत धातूंचं प्रमाण दिसतं. 'डेलावेअर मेड' नाव आणि आत ४ टक्के मॉलिब्डेनम, असं निघालं की सौदा तिथेच संपतो.

यात अजून एक फांदी आहे. लव्हलेसने गर्बर, श्रेड अशा कंपन्यांसाठीही डिझाइन केली. त्या चाकूंवर त्याचं नाव असणं योग्यच आहे. पण ते कारखान्यात बनले, त्याच्या हाताने नाही, आणि दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाहिरातीत 'ओरिजिनल लव्हलेस' लिहिणारा खोटं बोलत नसतो, फक्त पूर्ण बोलत नसतो.

ऑनलाइन घेताना काय मागायचं?

फोटो. पण चमकदार, मखमलीवर ठेवलेले नाहीत. तिरप्या उजेडातला ठशाचा जवळचा फोटो, पात्याच्या पाठीचा, मुठीच्या मागच्या टोकाचा, म्यानाच्या मागच्या बाजूच्या शिवणीचा, आणि चाकू म्यानात अर्धा घातलेला. बनावट विकणारा बहुतेक वेळा पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो. पेटंट नंबर असेल तर तो गुगल पेटंट्सवर फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

भारतात घ्यायचा असेल तर अजून एक पट्टी काढावी लागते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती सोडली, तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या यादीत येतो. रेझिन बोवीने पत्रात सांगितलेलं पातं आठवा: सव्वानऊ इंच. म्हणजे तो हरवलेला चाकू उद्या खरोखर कुणाला सापडला आणि कुरिअरने पुण्यात आला, तर अस्सल की नक्कल हा प्रश्न नंतरचा, आधी परवान्याचा कागद दाखवावा लागेल.